नवीन सर्पमित्रांनो, गाठ मारल्यावर काय करता?

पावसाळा लागला की माझ्याकडे पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, साप पकडायला शिकायचंय." नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी साप त्यांना तोंडपाठ असतात. बिनविषारी कवड्या आणि मण्यारीतला फरकही सांगतात. म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. मला सांगायचंय ते साप पिशवीत गेल्यानंतरचं, कारण मला घोणस चावली ती पिशवीतून.

२०१६ चा नोव्हेंबर. आमच्या वाळवा तालुक्यात ऊसतोड सुरू झालेली. तोडकऱ्यांना पाचटात घोणस दिसली आणि फड थांबला. मी मोटर दुरुस्तीचं काम अर्धं टाकून गेलो. साडेतीन फुटांची, मनगटाएवढी जाड, कुकरची शिट्टी लांबवावी तशी फुत्कारत होती. साप उचलायच्या हुकावर उचलली, कापडी पिशवीत सोडली, गाठ मारली. सगळं बेताचं झालं. मग फडातली बायका-पोरं जवळ आली. "दाखवा की जरा, केवढी हाय?" मी एका हाताने गाठ धरली आणि पिशवी जड लागते म्हणून दुसरा हात खालून लावला.

सुई टोचावी तसं झालं. मधल्या बोटावर रक्ताचा एक थेंब, शेजारी दुसरा.

यापुढची चूक चाव्यापेक्षा मोठी होती. मला वाटलं, कापडातून गेलंय, विष कापडातच जिरलं असेल. मी आधी ओढ्याकडे जाऊन साप सोडला, मग हात धुतला, मग घरी फोन केला. यात चाळीस मिनिटं गेली. तोवर बोट वांग्यासारखं झालेलं आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. प्रतिविषाच्या दहा बाटल्या पहिल्या फेरीत गेल्या. किडनीवर परिणाम झाला, तीन वेळा डायलिसिस करावं लागलं. बायको त्या आठ दिवसांत एकदाही रडली नाही, घरी आल्यावर रडली.

म्हणून पिशवीचं सविस्तर सांगतो. कंटाळा आला तरी वाचा.

घोणसेचे विषदंत लांब असतात आणि टाळूला मिटून बसलेले असतात. तोंड उघडलं की पुढे येतात. पिशवीचं कापड त्यांच्यापुढे काहीच नाही. दोन पिशव्या एकात एक घातल्या तरी भरवसा नाही. आत सापाला काही दिसत नसलं तरी दाब आणि हालचाल कळते, आणि जिथे दाब लागतो तिथे तो मारतो. म्हणजे पिशवी ही सापासाठी भिंत आहे, तुमच्यासाठी नाही.

साप तळाशी गेला की स्टिक पिशवीवर आडवी दाबा, साप आणि तुमचा हात यांच्या मधे. मगच तोंड पिळा, पीळ दुमडा, दोरी आवळा. गाठ पक्की होईपर्यंत स्टिक उचलायची नाही, कोणी हाक मारली तरी नाही. उचलताना गाठीच्या वरूनच, हात लांब करून, पिशवी मांडीला लागणार नाही अशी. आणि लगेच झाकणाच्या, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा. बाइकच्या हँडलला पिशवी अडकवून जाणारी पोरं मी रोज बघतो. गुडघा आणि पिशवी यांत चार बोटांचं अंतर असतं. हे बंद करा. घरी खुंटीला टांगून ठेवणंही बंद करा, घरात लेकरं असतात.

त्याहून बरं म्हणजे पाइप. चार इंची पीव्हीसी पाइपच्या एका टोकाला पिशवी बांधायची आणि दुसरं टोक सापासमोर धरायचं. सापाला अंधारं भोक हवंच असतं, तो आपणहून शिरतो. हात लावायची वेळ येत नाही. यात थरार नाही, व्हिडिओ चांगला होत नाही, म्हणून पोरांना आवडत नाही.

आता गुरूबद्दल. माझे पहिले गुरुजी निवृत्त शिक्षक होते. त्यांनी मला आठ महिने फक्त टॉर्च धरायला आणि गर्दी मागे सारायला लावली. मी वैतागून त्यांना सोडलं आणि नाग गळ्यात घालून फोटो काढणाऱ्यांच्या मागे लागलो. आज माझं मत स्पष्ट आहे: जो तुम्हाला पहिल्याच महिन्यात विषारी साप हातात देतो, तो गुरू नाही. शेपूट धरून नाचवणाऱ्याकडून काही शिकू नका. गर्दी सांभाळणं हेच अर्धं काम आहे, आणि त्या दिवशी मला तेच जमलं नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दात पकडणंही येतं. त्यामुळे वनविभागाला न कळवता साप पकडणं आणि घरी ठेवणं तुमच्या अंगाशी येईल, हेतू कितीही चांगला असो. वनरक्षकाची ओळख ठेवा, १९२६ ही हेल्पलाइन पाठ ठेवा, प्रत्येक सापाची वहीत नोंद करा: जात, वेळ, कुठे पकडला, कुठे सोडला. सोडायचा तोही जवळच्याच अधिवासात. वीस किलोमीटरवरच्या डोंगरात नेऊन सोडलेला साप तिथे तग धरेलच असं नाही.

पैशाचं विचारता तर यात पगार नाही. पेट्रोल कोणी दिलं तर घ्या, मागू नका, हातातला धंदा सोडू नका. विमा मात्र स्वतःचा काढा.

आणि घाटाखाली किंवा सह्याद्रीत काम करणार असाल तर एक लक्षात ठेवा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांच्या विषावरच चालतं. तिकडच्या हिरव्या चापड्यावर, म्हणजे झाडाझुडपांतल्या हिरव्या विषारी सापावर, त्याचा उपयोग होत नाही. शिवाय ज्याला एकदा प्रतिविष दिलंय, त्याला पुढच्या वेळी त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. मला डॉक्टरांनी हे कागदावर लिहून दिलंय, तो कागद पाकिटात असतो. इंजेक्शन आहे म्हणून बिनधास्त राहणाऱ्यांनी याचा विचार करावा.

एवढं वाचून घाबरला असाल तर ऐका. माझ्याकडे येणाऱ्या कॉलमध्ये बहुतेक धामण, दिवड, तस्कर, कवड्या असे बिनविषारी साप असतात. कित्येकदा पकडावंही लागत नाही. दार उघडं ठेवून, लोकांना शांत उभं करून दहा मिनिटं थांबलं की साप आपल्या वाटेने जातो. गेल्या आषाढात एका आजींच्या चुलीमागे धामण होती. मी फक्त लाकडं एका बाजूला केली, ती मोरीतून निघून गेली. आजींनी मला चहा पाजला आणि म्हणाल्या, "मारायला काठी घेतलेली रं मी." ती काठी खाली ठेवली गेली, तो कॉल माझ्या वहीत आहे.

आणि जमिनीवर झोपणाऱ्या प्रत्येक घराला मच्छरदाणी नीट खोचून झोपायला सांगा. मण्यार रात्री येते, चावलेलं अनेकदा कळतही नाही, पहाटे पोटात दुखायला लागतं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. साप उचलून जेवढे जीव वाचतात, त्याहून जास्त या एका सांगण्याने वाचतील असं मला वाटतं.

माझं मधलं बोट थंडीत अजून वाकत नाही. पकड स्क्रू ड्रायव्हरवर आधीसारखी बसत नाही, म्हणून मी हुकाची मूठ सायकलची ट्यूब गुंडाळून जाड केली आहे. शिकायचं असेल तर या. आधी टॉर्च धरा, गर्दी मागे सारा. पिशवी बांधायला देईन, पण आधी शंभर वेळा रिकाम्या पिशवीवर बांधून दाखवावी लागेल.