मॉनिटर दुरुस्तीला नेण्याआधी

मॉनिटर सहसा एकदम जात नाही. सकाळी चालू व्हायला वेळ लावतो, मधेच काळा पडतो, कडेला एक हिरवी रेघ उभी राहते, आणि आपण महिनोन्महिने तसंच रेटत राहतो. मग रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी तो पुरता बंद पडतो आणि घाईत समोर दिसेल तो नवा उचलला जातो. म्हणून ही सगळी तयारी तो अर्धवट चालतोय तोवरच करायची. दुरुस्ती की नवा, हे त्याच्या वयावर फारसं ठरत नाही. बिघाड पॅनेलमध्ये आहे की पॅनेलच्या बाहेर, यावर ठरतं. पॅनेल म्हणजे चित्र दिसतं ती काच आणि तिला कायमचं चिकटलेलं सगळं. किमतीतला मोठा वाटा तिचाच. ती शाबूत असेल तर आठ वर्षांचा मॉनिटरही दुरुस्त करावा, आणि ती गेली असेल तर दोन वर्षांचाही सोडून द्यावा, असं माझं मत. वॉरंटी शिल्लक असेल तर गोष्ट वेगळी.

सुरुवात वायरींपासून करा. पॉवरची वायर एक्स्टेन्शन बोर्डातून काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून बघा. सिग्नलची केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा, जमल्यास शेजाऱ्यांकडून दुसरी मागून आणा. व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पिनांच्या केबलची एखादी पिन वाकली तर सगळं चित्र पिवळट किंवा गुलाबी दिसतं आणि माणसं पॅनेल गेलं म्हणून हळहळतात. मग मॉनिटर एखाद्या लॅपटॉपला जोडा. तिथे नीट चालला तर दोष सीपीयूकडे आहे: ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर किंवा रॅम. विंडोज असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटनं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. फुकटचा उपाय आहे, करून बघायला हरकत नाही. पडद्यावर ‘नो सिग्नल’ येत असेल तर खरं म्हणजे चांगली बातमी. ती अक्षरं दिसतायत याचा अर्थ पॅनेल, बॅकलाइट म्हणजे पडद्यामागचा उजेड, आणि सप्लाय म्हणजे वीज पुरवणारं कार्ड, तिन्ही जिवंत आहेत.

पुढची परीक्षा मेनूची. मॉनिटरच्या कडेचं किंवा मागचं बटन दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा, ब्राइटनेस वगैरे असतो तो. चित्रात दिसणारी रेघ किंवा लुकलुक मेनूवरही दिसली, तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्रच बिघडलेलं, तर पुन्हा केबल आणि सीपीयूकडे वळा. एकच बारीक उभी रेघ, वरपासून खालपर्यंत, नेहमी त्याच जागी, आणि कडेची पट्टी हलकेच दाबली की क्षणभर नाहीशी होते, ही पॅनेलच्या कडेच्या जोडणीची खूण. काही कारागीर बाँडिंगच्या मशीनवर ती जोडणी पुन्हा करून देतात, पण टिकेलच असं नाही, आणि २२ इंची साध्या मॉनिटरवर तो खर्च मी करणार नाही. अर्धा पडदा गेला असेल किंवा सगळीकडे पट्टेच पट्टे असतील तर मात्र लगेच आशा सोडू नका. आतली चपटी केबल सैल झालेली असू शकते किंवा टी-कॉन नावाचं छोटं कार्ड गेलेलं असू शकतं, आणि ही दोन्ही पॅनेलच्या मानाने स्वस्तातली कामं. काच तडकली असेल तर पुढचं काही तपासू नका.

पडदा काळा पण पॉवरचा दिवा लागलेला, अशी तक्रार असेल तर रात्री खोलीतला लाइट बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. विंडो, आयकॉन पुसटसे दिसले तर चित्र तयार होतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. जुन्या मॉनिटरमध्ये हा उजेड बारीक ट्यूबचा असतो आणि ती पेटवायला इन्व्हर्टर नावाचं सर्किट लागतं. चालू केल्यावर दोन सेकंद चित्र दिसून विझणं हे त्याचं ठरलेलं लक्षण. नव्यांमध्ये एलईडीची पट्टी असते. त्यातले दिवे माळेसारखे एकामागे एक जोडलेले, त्यामुळे एक गेला तरी ती अख्खी माळ विझते. पट्टी बदलून मिळते, ट्यूबच्या जागी एलईडीचं किटही बसवून देतात. फक्त त्यासाठी पॅनेल उघडावं लागतं, आणि धुळीच्या दुकानात उघडलं की आतल्या पातळ शीटांवर कायमचे ठिपके बसतात. कारागीर हे काम कुठे बसून करतो ते डोळ्यांनी पाहून या.

सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त वेळा दिसणारा बिघाड सप्लायचा. थंड असताना चालू व्हायला त्रास, दिवा लुकलुकणं, एकदा तापला की दिवसभर ठीक, असं असेल तर बहुधा सप्लाय कार्डावरचे कॅपॅसिटर फुगलेले असतात. असा कॅपॅसिटर १०-२० रुपयांना मिळतो, पैसे जातात ते मजुरीचे. पावसाळ्यात ओल धरते, मुंग्या आणि पाली आत शिरतात, त्यांचाही हिशेब इथेच निघतो. अॅडॉप्टर बाहेर असेल तर आधी तोच बदलून बघा: व्होल्ट तेवढेच हवेत, पिनचं धन-ऋण तेच हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. हौस म्हणून मागचं झाकण मात्र उघडू नका. २३० व्होल्टवर चालणाऱ्या सप्लायमधल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ ते तसेच राहू शकतात. शिवाय उघडलेल्या मॉनिटरची वॉरंटी कंपनी नाकारू शकते.

वॉरंटीचं बघायला मागच्या लेबलचा फोटो काढा: मॉडेल, सीरियल नंबर, उत्पादनाचा महिना. बऱ्याच ब्रँडेड मॉनिटरना तीन वर्षं मिळतात आणि ती बिलाच्या तारखेपासून मोजतात. बिल नसेल तर पुष्कळदा उत्पादनाची तारीख धरतात, म्हणजे तुमचे काही महिने बुडाले. ऑनलाइन घेतला असेल तर बिल ऑर्डरच्या पानावर मिळतं. तक्रार नोंदवताना रेघेचा, लुकलुकीचा व्हिडिओ हाताशी ठेवा, कारण तंत्रज्ञ आला की मॉनिटर हमखास शहाण्यासारखा वागतो. कंपनीने टोलवाटोलवी केली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

वॉरंटी संपली असेल तर दुकान. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली आणि तिचा परिसर, इतर गावांत टीव्ही दुरुस्त करणारा जुना माणूसही हे काम करतो, कधीकधी जास्त चांगलं. नेताना काचेला तळहाताने दाब देऊ नका. रिक्षात चादरीत गुंडाळून उभा धरा. दुचाकीवर दोन माणसांच्या मध्ये दाबून नेलेला मॉनिटर खड्ड्यात नवीन दुखणं घेऊन उतरतो. आधीच विचारा: चेकिंगचे पैसे किती, दुरुस्त केला तर ते बिलात वळते होणार का, पार्ट बदलणार की नुसतं सोल्डर मारणार, काढलेला पार्ट परत देणार का, आणि किती महिन्यांची हमी. हे सगळं पावतीवर लिहून घ्या. मूळ बोर्डाऐवजी ‘युनिव्हर्सल बोर्ड’ टाकतो म्हणाला तर बटनं आणि मूळ पोर्ट चालतील का ते विचारायला विसरू नका. पॅनेल बदलतो म्हणाला तर नम्रपणे मॉनिटर उचलून घरी या. ते बहुतेक दुसऱ्या मेलेल्या मॉनिटरमधून काढलेलं असतं.

खर्च नव्याच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर मी डोळे झाकून दुरुस्त करतो. निम्म्याच्या वर गेला तर नाही. मधल्या पट्ट्यात डोळ्यांचा विचार करा: जुना पडदा चालू असतानाही फिका, पिवळा पडलेला असेल तर सप्लाय बदलून तो उजळणार नाही.

नवा घ्यायचा ठरलं तर दुकानात जाण्याआधी सीपीयूच्या मागचा फोटो काढा. फक्त व्हीजीए असेल आणि नव्या मॉनिटरला ते नसेल, तर कन्व्हर्टर लागेल, आणि इथे फसगत होते: बाजारात सहज मिळणारा डोंगल एचडीएमआयचं व्हीजीए करतो, तुम्हाला उलटा हवा असतो. जुन्या मशीनच्या १.४ आवृत्तीच्या एचडीएमआयवर फोर-के फक्त ३० हर्ट्झवर मिळतं, माउसचा बाण अडखळत चालतो. टेबलाची खोली मोजा. भिंतीवर किंवा आर्मवर लावायचा असेल तर मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरची भोकं आहेत का बघा, स्वस्त मॉडेलांत ती गाळतात. फुल एचडी घ्यायचा तर २४ इंचांवर थांबा. २७ इंचांवर तेच पिक्सेल ताणले जातात, इंचाला ९२ वरून ८२ वर येतात, आणि दिवसभर मराठी मजकूर वाचणाऱ्याला अनुस्वार, रफार भरड दिसू लागतात. धंद्यासाठी घेत असाल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकायला लावा, बिल निघाल्यावर दुकानदार कंटाळा करतात.

जुना भंगारवाल्याला देऊ नका. मागच्या उजेडासाठी बारीक ट्यूब असलेल्या जुन्या मॉनिटरमध्ये पारा असतो, आणि तांब्यासाठी असा मॉनिटर रस्त्यावरच फोडला जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या वेबसाइटवर संकलनाची माहिती शोधा, नाहीतर नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. पॉवरची वायर तेवढी काढून ठेवा.

नवा घरी आला की त्याच दिवशी पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा पडदा लावून मेलेले ठिपके शोधा. एक-दोन ठिपक्यांसाठी कंपनी सहसा बदलून देत नाही, पण विक्रेत्याची परतीची मुदत चालू असेल तर तो देऊ शकतो. ती मुदत संपेपर्यंत खोका आणि थर्माकोल फेकू नका, माळ्यावर जागा नसली तरी.