इंजिन नवं बांधलं, तरी गाडी सुरू होत नाही? या चुका टाळा

रिबोअर झालं (म्हणजे सिलिंडर लेथवर नव्याने कापून झाले), नवे पिस्टन आणि रिंगा पडल्या, हेड बसलं, ऑइल भरलं. सेल्फ मारला, तर इंजिन नुसतं फिरतंय. अशा वेळी मालक आणि मिस्त्री दोघांची पहिली शंका लेथवाल्यावर जाते. जुनी पद्मिनी असो, अँबॅसिडर असो की विलिज जीप, माझं सांगणं एकच आहे: हेड उघडायची घाई करू नका. इंजिन उतरवताना आणि चढवताना जे जे सुटलं आणि परत जोडलं गेलं, दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सेल्फ मारत राहणं. न जळलेलं पेट्रोल नव्या बोअरवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि रिंगांवाटे खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ते ऑइल बदलूनच पुढे जा. पहिल्यांदा सुरू करण्याआधी चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा आणि मध्ये थांबून थांबून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझला, की ऑइल बेअरिंगपर्यंत पोचलं. तोपर्यंत प्लग लावूच नका.

डेल्को उलटा बसणं

डेल्को म्हणजे प्रत्येक प्लगला आळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर. नव्या बांधणीत तो उलटा बसण्याची चूक सर्रास होते. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून एका चक्रात पुलीवरची खूण दोनदा जुळते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. घाईत दुसरी खूण धरून डेल्को बसवला, की करंट वेळेवर येतो पण चुकीच्या स्ट्रोकला येतो. इंजिन कार्बोरेटरमधून फुसफुसतं, सायलेन्सरमधून फाट्कन आवाज येतो, पण धरत नाही.

एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा दाबा आणि दुसऱ्याला हँडल हळू फिरवायला सांगा. हवा अंगठा ढकलून बाहेर पडू लागली की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. तशीच खूण जुळवा आणि डेल्कोचं झाकण उघडून आतला फिरणारा रोटर एक नंबरच्या वायरकडे आहे का ते पाहा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, यांचं कव्हर उघडं असेल तर आणखी सोपं. या तिन्ही गाड्यांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे, त्यामुळे एक नंबर फायरिंगला असताना चार नंबरचा एक व्हॉल्व्ह मिटत आणि दुसरा उघडत असतो. एक नंबरचे दोन्ही टॅपेट मात्र सैल लागले पाहिजेत.

अँबॅसिडरचा डेल्को एकाच बाजूने बसतो, म्हणून चूक होणारच नाही असं अनेकांना वाटतं. पण त्याच्या खालचा ड्राइव्ह गिअर उलटा बसू शकतो, आणि तोच फसवतो. शंका आली तर काही न खोलता झाकणावर १ आणि ४, तसंच २ आणि ३ या वायरींची अदलाबदल करा. इंजिन धरलं तर दोष समजलाच.

रंगाखाली दबलेली अर्थिंग

ब्लॉक झगझगीत रंगवला की अर्थिंगची पट्टी रंगावरच कसली जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे सेल्फच्या एवढ्या मोठ्या करंटला परतीची वाट म्हणून ही एक पट्टीच. ती नीट लागली नाही तर करंट चोककेबल किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो. मिरजेच्या एका अँबॅसिडरमध्ये सेल्फ मारल्यावर चोकच्या केबलला हात लावला, तर ती चांगलीच तापली होती. बॅटरी नवी, सेल्फ नवा, तरी इंजिन रेंगाळत फिरत होतं. पट्टीखालचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं आणि इंजिन जोरात फिरू लागलं. मल्टिमीटर असेल तर सेल्फ चालू असताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि ब्लॉक यांच्यामधला व्होल्टेज बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग कच्ची आहे.

करंट

डेल्कोमधल्या नवीन पॉइंटवर (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं) गंज लागू नये म्हणून ऑइलचा पातळ थर असतो. तो पुसल्याशिवाय पॉइंट बसवू नका. पॉइंटखालचा फायबर वॉशर चुकीच्या जागी गेला तर कॉइल कायमची अर्थ होते. हे ओळखायला टेस्ट लॅम्पची एक वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला आणि दुसरी बॉडीला लावून, स्विच चालू ठेवून हँडल फिरवा. दिवा लुकलुकला पाहिजे. कायम पेटलेला असेल तर पॉइंट जुळत नाहीत. कायम विझलेला असेल तर वॉशर बघा, नाहीतर कॉइलला पुरवठाच नाही. अँबॅसिडरच्या पॉइंटचा गॅप साधारण १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी. बाजारात सध्या मिळणाऱ्या स्वस्त रोटर आणि कंडेन्सरवर माझा भरवसा नाही. जुने चालू अवस्थेत उतरवले असतील तर तेच परत लावा.

टॅपेट

हेडला कटिंग दिलं, व्हॉल्व्ह सीट घासल्या, की टॅपेटचा गॅप आपोआप कमी होतो. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन मरतं. म्हणून हेड कसल्यावर गॅप नव्याने लावायचाच. कॉम्प्रेशन मोजताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा. रिंगा अजून बसलेल्या नसतात, त्यामुळे आकडा थोडा कमी येईल, पण चारही सिलिंडर जवळपास सारखे हवेत. शेजारचे दोन पडले तर गास्केट, चारही पडले तर टायमिंग चेनच्या खुणा. लेथवाल्याला फोन करायचा तो यानंतर.

पेट्रोल

आपल्या सांगली जिल्ह्यात उसापासून इथेनॉल बनतं आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता ते २० टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुनं रबर खराब करतं. काम चालू असताना गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, म्हणून टाकीतलं शिळं पेट्रोल काढून टाका, एसी पंपाचा (इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा) डायफ्रॅम आणि सगळे होज नवे घाला. पंपाखाली जाड पॅकिंग टाकू नका. त्याने लिव्हरची चाल कमी होते आणि कार्बोरेटर कोरडाच राहतो.

वालचंद हिराचंद यांच्या नावाचं कॉलेज सांगलीत विश्रामबागला आहे. त्यांनीच काढलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी आपल्याकडे अजून जिवापाड जपली जाते. तिच्या उघड्या कार्बोरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारणारे पाहिले की धडकी भरते. टायमिंग चुकलेलं असेल तर बॅकफायरचा जाळ त्याच पेट्रोलला धरतो. टायमिंग तपासून झाल्यावरच पेट्रोल भरा, एअर क्लीनर बसवून मग सेल्फ मारा, आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.