सेंट ऑगस्टीनमध्ये फ्लॅगलरच्या इमारती कशा पाहायच्या

फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला गेलेले बहुतेक लोक लुई टिफनी या अमेरिकी कलाकाराच्या रंगीत काचा बघून परततात. काचा बघाच. पण स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीतून गडगंज झालेल्या हेन्री फ्लॅगलरने इथे खरं धाडस केलं ते काँक्रीटमध्ये, आणि ते नजरेत भरायचं तर क्रम थोडा उलटा लावावा लागतो.

आधी कास्तियो दे सान मार्कोस किल्ला गाठा. १६७२ साली बांधायला घेतलेला हा स्पॅनिश किल्ला कोकीनाचा आहे. कोकीना म्हणजे शिंपल्यांचे तुकडे नैसर्गिकरीत्याच घट्ट चिकटून झालेला दगड. तो समोरच्या अनास्तासिया बेटावरच्या खाणींतून आणला. चिरे घडवून रचलेले, त्यामुळे दोन चिऱ्यांमधला सांधा स्पष्ट दिसतो. तो नीट लक्षात ठेवा.

मग किंग स्ट्रीटवरचा व्हिला झोरायदा, १८८३ चा. बोस्टनच्या फ्रँकलिन स्मिथने सिमेंटमध्ये कोकीनाची खडी घालून त्याच्या भिंती ओतून घेतल्या. फ्लॅगलरने हे तंत्र इथूनच उचललं.

आता फ्लॅगलरचं पॉन्स दे लिऑन हॉटेल. १० जानेवारी १८८८ रोजी ते उघडलं, तेव्हा करेअर आणि हेस्टिंग्ज हे त्याचे वास्तुविशारद तिशीच्या आतबाहेरचे होते. लांबून फोटो काढून झाला की भिंतीपासून हातभर अंतरावर या. करड्या पृष्ठभागात शिंपल्यांचे कण दिसतील, पण चिऱ्यांचा सांधा कुठेच नाही. त्याऐवजी पुसट आडव्या रेघा आहेत: काँक्रीट थराथराने ओतलं, आधीचा थर आवळल्यावर वरचा पडला, म्हणून ही खूण राहिली. बरेच जण तिलाच तडा समजतात. तडा वेडावाकडा जातो, ही रेघ सरळ असते. भिंत नखाने खरवडून मात्र पाहू नका. नक्षी, कमानी आणि कडांना लाल वीट व टेराकोटा आहे. दोन्ही मनोरे नुसते शोभेचे नाहीत, त्यांत पाण्याच्या टाक्या होत्या.

१९६८ पासून इथे फ्लॅगलर कॉलेज आहे. टिफनीच्या काचांखाली आता विद्यार्थी जेवतात, त्यामुळे भोजनगृह बघायला मार्गदर्शकासोबतची फेरीच घ्यावी लागते. वेळ आदल्या दिवशी तपासा. कॉलेजचा कार्यक्रम असेल तर हिरमोड व्हायचा.

समोरचं अल्काझार, फ्लॅगलरचंच दुसरं हॉटेल, आता लाइटनर संग्रहालय आहे. तिथल्या रिकाम्या जलतरण तलावाच्या तळाशी उभं राहून वर बघा, गॅलऱ्यांची उंची तिथूनच कळते. फोटोचं म्हणाल तर पॉन्सचं तोंड दक्षिणेला, अल्काझारचं उत्तरेला. हिवाळ्यात अल्काझारचा दर्शनी भाग दिवसभर सावलीत राहतो, तेव्हा ढगाळ दिवस असला तर उलट बरंच.

शेजारचं कासा मोनिका हॉटेल सर्रास फ्लॅगलरच्या नावावर खपवलं जातं. बांधलं स्मिथनेच; उघडल्यावर काही महिन्यांतच, १८८८ मध्ये, फ्लॅगलरने ते विकत घेऊन कॉर्डोव्हा नाव दिलं.

मेमोरियल प्रेस्बिटेरियन चर्च शेवटी ठेवा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पाहुणे म्हणून जाऊ नका. १८९० मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च फ्लॅगलरने मुलगी जेनीच्या स्मरणार्थ बांधलं. घुमटाखालून बाजूच्या समाधीकडे वळा: जेनी, तिचं तान्हं बाळ, फ्लॅगलरची पहिली पत्नी मेरी आणि तो स्वतः, चौघंही तिथेच आहेत.