महाविद्यालयातील अध्यापकांनो, संगणकावरच्या या चुका टाळा

साताऱ्यातील एका महाविद्यालयात प्राध्यापकांच्या संगणकविषयक अडचणी सोडवण्याचे काम मी गेली सतरा वर्षे करीत आहे. या काळात संगणक बदलले, नेटवर्क बदलले, फळ्याच्या जागी पडदे आले. पण माझ्या खोलीच्या दारात उभे राहून सांगितल्या जाणाऱ्या तक्रारी मात्र जवळजवळ त्याच राहिल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ यंत्रात नसते. फाइल नेमकी कुठे आहे, ती कोणाच्या नावावर आहे आणि ती कोणाला उघडता येते, या तीन गोष्टी कोणी विचारलेल्या नसतात. ज्या चुकांनी माझे सर्वाधिक दिवस खाल्ले, त्यांच्याविषयी येथे सविस्तर लिहितो. बाकीच्या ओघाने येतील.

संस्थेचे काम स्वतःच्या खासगी खात्यावर करणे

ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. महाविद्यालयाने प्रत्येक अध्यापकाला संस्थेच्या नावाचा ईमेल दिलेला असतो, पण मोबाइलवर आधीपासून स्वतःचे जीमेल उघडे असते आणि त्याच खात्यावरून विभागाचे अहवाल, हजेरीपत्रके, कार्यक्रमांचे फोटो आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय गुगल ड्राइव्हवर साठवले जातात. ते चालतेही, वर्षानुवर्षे चालते, आणि म्हणूनच कोणी ऐकत नाही.

नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, मूल्यांकनासाठी स्वयंमूल्यमापन अहवाल सादर केल्यानंतर माहितीच्या पडताळणीचा टप्पा येतो. त्या वेळी शंका विचारल्या जातात आणि ठरावीक मुदतीत पुराव्यांसह उत्तरे द्यावी लागतात. आमच्याकडे हा टप्पा ऐन आषाढी वारीच्या दिवसांत आला. दिलेल्या लिंक तपासायला बसलो तेव्हा एका विभागाच्या सगळ्याच लिंकवर ‘तुम्हाला प्रवेशाची परवानगी हवी’ एवढीच पाटी दिसू लागली. त्या लिंक एका ज्येष्ठ सरांच्या खासगी खात्यावरच्या होत्या. सर आदल्या वर्षी निवृत्त झाले होते आणि माउलींच्या पालखीबरोबर पायी चालत होते. त्यांचा फोन बंद होता. त्यांच्या घरी वहीत पासवर्ड लिहून ठेवलेला सापडला, पण नव्या संगणकावरून खाते उघडायचे तर त्यांच्याच फोनवर आलेल्या सूचनेला ‘होय’ म्हणणे आवश्यक होते.

शेवटी कार्यालयातले एक लिपिक आणि मी मोटारसायकलने लोणंदला गेलो. पालखी पुढे सरकली होती, म्हणून तरडगावच्या वाटेला लागलो. ज्यांनी वारी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, की त्या गर्दीत माणूस नावाने सापडत नाही, दिंडीच्या क्रमांकाने सापडतो, आणि तोही रथापुढचा की रथामागचा हे माहीत असेल तरच. सर सापडले तेव्हा ते टाळ वाजवत होते. फोन दिंडीच्या ट्रकमधल्या पिशवीत, धोतराच्या घडीत, पूर्ण बंद पडलेला होता. रस्त्याकडेच्या एका चहाच्या गाड्यावर तो अर्धा तास चार्जिंगला लावला, महाविद्यालयात बसलेल्या सहकाऱ्याने तिकडून खाते उघडण्याचा प्रयत्न केला आणि सरांनी चष्मा नसल्यामुळे माझ्याकडून वाचून घेऊन ‘होय’वर बोट ठेवले. “अहो, एवढ्यासाठी आलात? मला वाटलं, पेन्शनचं काही अडलं,” असे ते म्हणाले आणि आम्हाला पंक्तीला बसवूनच त्यांनी सोडले.

हे गोड संपले, पण त्याचा दुसरा भाग गोड नाही. या प्रकाराचा धसका घेतलेल्या एका तरुण सहायक प्राध्यापकांनी पुढच्याच आठवड्यात आपल्या विभागाचे संपूर्ण फोल्डर ‘लिंक असलेल्या कोणालाही संपादन करता येईल’ असे करून टाकले आणि ती लिंक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावरही पाठवली. दोन दिवसांनी अंतर्गत गुणांचा तक्ता उघडला तेव्हा वरच्या कोपऱ्यात अनोळखी प्राण्यांची पाच-सहा चित्रे दिसत होती, म्हणजे नाव न कळता शिरलेले तितके लोक त्या क्षणी तक्त्यात हजर होते, आणि एका रकान्यातले गुण वरच्या वर्गाला साजेसे झाले होते. आवृत्तींच्या इतिहासात जाऊन आदल्या तारखेची प्रत परत आणता आली म्हणून निभावले. दार उघडत नाही म्हणून चौकटीसकट काढून टाकणे हा उपाय नव्हे, हे मला पदवीधर माणसांना सांगावे लागते याचे अजूनही नवल वाटते.

माझी सवय अशी आहे, की संस्थेसाठीची प्रत्येक फाइल संस्थेच्या शेअर्ड ड्राइव्हमध्येच जन्माला घालावी. तेथे फाइलची मालकी व्यक्तीकडे नसून संस्थेकडे राहते, त्यामुळे कोणी निवृत्त झाले किंवा बदलून गेले तरी ती जागची हलत नाही. बाहेर पाठवायच्या लिंकला फक्त ‘पाहण्याची’ परवानगी द्यावी आणि ती पाठवण्यापूर्वी इन्कॉग्निटो विंडोमध्ये स्वतः उघडून पाहावी. आपल्या संगणकावर लिंक उघडते याने काहीच सिद्ध होत नाही, कारण तेथे आपण आधीच लॉगिन केलेले असतो. ही तपासणी दहा सेकंदांची आहे. “घाईत राहून गेलं” असे म्हणणाऱ्यांना मी आता तरडगावची गोष्ट सांगतो.

याच विषयाला जोडून एक गोष्ट सांगून ठेवतो. खासगी खात्याला मिळणारी १५ जीबी जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. घरच्या लग्नाचे व्हिडिओ त्यात जाऊन बसले, की विद्यार्थ्यांचे प्रकल्प फॉर्मवर जमा होणे थांबते, आणि पुढे तर ईमेल येणेही बंद होते. शिवाय सलग दोन वर्षे न वापरलेले खासगी खाते काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केलेले आहे. निवृत्तीनंतर जुन्या खात्याकडे कोण फिरकतो?

जुन्या फॉन्टमधले मराठी

पोवई नाक्याच्या परिसरातून प्रश्नपत्रिका टाइप करून आणण्याची पद्धत आमच्याकडे फार जुनी आहे आणि छपाईपुरती ती निर्दोषही आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा तीच फाइल मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या प्रणालीतल्या प्रश्नपेढीत किंवा गुगल फॉर्ममध्ये चिकटवली जाते आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसतो. मग “तुमचं मूडल बिघडलंय” असा निरोप येतो.

मूडल बिघडलेले नसते. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. त्यात ‘राम’ हा शब्द टाइप केला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे जातात; फॉन्ट त्यांच्या अंगावर र, काना आणि म यांचे कपडे चढवतो, एवढेच. फॉन्ट नसलेल्या ठिकाणी ती फाइल गेली, की कपडे उतरतात. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. म्हणजे ही सोय नवी आहे अशी सबब आता कोणालाच सांगता येणार नाही.

फाइल कोणत्या जातीची आहे हे ओळखण्यासाठी मी तिच्यातला एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये टाकतो. तेथे मराठी मराठीच राहिले तर ती युनिकोड आहे, नाहीतर नाही. जुन्या फाइली रूपांतरित करून देणारी साधने उपलब्ध आहेत आणि मीही ती वापरतो, पण रूपांतरानंतरची प्रत न वाचता पुढे पाठवणाऱ्यांवर माझा राग आहे. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप केला जातो, तर युनिकोडमध्ये हा क्रम उलटा असतो. त्यामुळे रूपांतर करताना नेमके हेच दोन भाग घसरतात. व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत ‘अर्थ’चा रफार भलत्याच अक्षरावर गेला, तर विद्यार्थ्याने काय ओळखायचे?

कायमचा उपाय म्हणजे इनस्क्रिप्ट शिकणे. त्या कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, वर्गवारीने मांडलेली आहेत. रोज अर्धा तास दिला तर पंधरा-वीस दिवसांत हात बसतो. पण हे सांगितले की समोरची व्यक्ती मोबाइल काढून बोलून टाइप करून दाखवते. त्याला माझी ना नाही, टिपणे काढायला ते उत्तम आहे. प्रश्नपत्रिका मात्र बोलून टाइप करू नये आणि केलीच तर मोठ्याने वाचून तपासावी.

विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये उघडून तशीच सेव्ह करणे

एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्यांची श्रेयांके नोंदवणाऱ्या अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधला क्रमांक, बारा अंकी असतो. सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साध्या मजकुराची) यादी दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, की बारा किंवा त्याहून अधिक अंकांची संख्या एक्सेल घातांकाच्या रूपात आखडून दाखवते. एवढ्यावर थांबले तर बिघडत नाही. पण कोणीतरी एका विद्यार्थिनीच्या नावातली वेलांटी दुरुस्त करते, सेव्ह म्हणते, आणि सीएसव्हीमध्ये पडद्यावर दिसते तेच लिहिले जात असल्यामुळे सगळ्या वर्गाच्या क्रमांकांचे शेवटचे अंक कायमचे नाहीसे होतात. नंतर रकाना रुंद करून किंवा त्याचा प्रकार बदलून ते परत येत नाहीत, त्यांच्या जागी शून्ये येतात. मागे एकदा एका तुकडीतल्या सर्वांचे क्रमांक अशा शून्यांवर संपत होते आणि तरी ती यादी तीन टेबलांवरून सही होऊन पुढे गेली होती.

यादी नेहमी एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून आयात करावी, क्रमांकांचा रकाना ‘मजकूर’ म्हणून निवडावा आणि जतन करताना यूटीएफ-८ असलेला सीएसव्ही पर्याय घ्यावा, म्हणजे मराठी नावांची प्रश्नचिन्हे होत नाहीत. मूळ यादीला हात न लावता तिची प्रत काढून त्या प्रतीवर काम करणे ही माझी आणखी एक सवय. तिला काही जण भित्रेपणा म्हणतात.

ऑनलाइन चाचणीची वेळ

मूडलमध्ये चाचणी बंद होण्याची वेळ आणि सोडवण्यासाठीची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अकरा वाजता बंद होणारी, तीस मिनिटांची चाचणी एखाद्याने दहा वाजून पन्नास मिनिटांनी उघडली, तर त्याला दहाच मिनिटे मिळतात. जावळी आणि पाटणच्या दुर्गम गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. सरावाच्या चाचणीसाठी दार दिवसभर उघडे ठेवावे आणि मुदत तीस मिनिटांचीच ठेवावी. अभ्यास न केलेल्यांना याचा फायदा होतो असा आक्षेप मी ऐकला आहे. तो प्रश्नपेढीतून यादृच्छिक प्रश्न निवडून दूर करता येतो, पण त्यासाठी आधी प्रश्नपेढी पुरेशी मोठी असावी लागते, आणि तेथे उत्साह मावळतो.

संस्थेच्या खात्यावर तयार केलेला गुगल फॉर्म सुरुवातीला संस्थेच्या बाहेरच्यांसाठी बंद असू शकतो. पालकांचे अभिप्राय मागवताना ते बंधन सेटिंगमधून काढावे. मोबाइलने काढलेल्या पानांची चाळीस एमबीची पीडीएफ वर चढत नाही, तेव्हा सर्व्हरची मर्यादा वाढवून मागण्याऐवजी पाने काळ्या-पांढऱ्या रंगात पुन्हा स्कॅन करावीत. ती फाइल विद्यार्थ्यालाही स्वतःच्या डेटा पॅकवरच उतरवून घ्यायची असते. पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवू नये. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवू नये. प्रोजेक्टरवर चित्र येत नसेल, तर केबल उपटण्यापूर्वी विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून पाहावे.

राहता राहिली मदत मागण्याची पद्धत. “चालत नाहीये” या दोन शब्दांवरून मला काहीही समजत नाही, आणि “मी काहीच केलं नाही” हे तर मी कोणाचेच खरे धरत नाही. कोणते पान उघडले होते, कोणते बटण दाबले आणि त्यानंतर पडद्यावर नेमके कोणते शब्द आले, हे तीन वाक्यांत लिहून पाठवावे आणि सोबत संपूर्ण पडद्याचे चित्र जोडावे. संदेशाची चौकट बंद करून मग मला बोलावू नये. अनेकदा उत्तर त्या चौकटीतच लिहिलेले असते. आणि तासाला पाच मिनिटे उरलेली असताना वर्गातून फोन करणाऱ्यांनी खडू जवळ ठेवावा, कारण माझी खोली तळमजल्यावर आहे आणि स्मार्ट बोर्ड तिसऱ्या मजल्यावर.