साथीच्या काळातले रिकामे रस्ते टिपताना

पहाटे पाचला उठलात तर कुठल्याही शहरात, कुठल्याही वर्षी रिकामा रस्ता मिळतो. त्यामुळे टाळेबंदीतला पहाटेचा फोटो काहीच सिद्ध करत नाही. एरवी ज्या चौकात पाय ठेवायला जागा नसते, तिथे ऐन गर्दीच्या वेळीच जायचे: कचेऱ्या सुटताना, बाजार भरतो तेव्हा, सुट्टीच्या संध्याकाळी. भर दुपारचे ऊन फोटोग्राफर सहसा टाळतात. इथे तेच कामाचे, कारण पायाशी गोळा झालेल्या आखूड सावल्या म्हणजे फोटोतले घड्याळच. खरे घड्याळ, कोणी नसतानाही चालू असलेला सिग्नल, बंद शटरवर चिकटवलेली सूचना, अंतर राखण्यासाठी आखलेली वर्तुळे, बाकाला गुंडाळलेली फीत, यातली एक तरी खूण फ्रेममध्ये हवी. नुसते डांबर आणि आभाळ असेल तर त्याचे पोस्टकार्ड होते.

आधी परवानगी. संचारबंदीत फोटो काढणे हे बाहेर पडायचे कारण ठरत नाही. वृत्तसंस्थेचे ओळखपत्र किंवा प्रशासनाचा पास नसेल तर खिडकी, गच्ची किंवा किराणा आणायला जातानाची वाट एवढीच आपली हद्द. ती हद्द लहान नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

लेन्स एकच न्यावी. बाहेर उभे राहून लेन्स बदलणे म्हणजे हात लागणाऱ्या वस्तू वाढवणे. कोणती, हा खरा प्रश्न आहे. लेन्सचा मिमीचा आकडा जितका लहान, तितका फ्रेममध्ये मावणारा भाग जास्त. २४ मिमी किंवा त्याहून रुंद लेन्स रस्ता आहे त्यापेक्षा ओसाड दाखवते. दूरची माणसे ठिपक्यांएवढी होतात. २०० मिमीची लेन्स उलट करते: शंभर मीटरवर विखुरलेली दहा माणसे एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. दोन्हीकडून दिशाभूल होऊ शकते. ३५ मिमी हा प्रामाणिक मध्य आहे. चौकाचा आवाका दाखवायचाच असेल तर २४ घ्या, पण मग कॅमेरा अगदी समतल ठेवा. वर कलला की इमारती मागे झुकल्यासारख्या दिसू लागतात. खाली नकोसा रस्ता येत असेल तर तो नंतर कापावा, कॅमेरा तिरका करू नये.

उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, लेन्सचे भोक एफ ८ आणि शटर १/४०० सेकंद इथून सुरुवात करा. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमीला एफ ८ ठेवून सुमारे अडीच मीटरवर फोकस केला की सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे धारदार येते. ३५ मिमीला हाच फोकस पाच मीटरवर न्यावा लागतो. उजळ आकाश आणि इमारतींची सावली एकाच फ्रेममध्ये असेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि आकाश जळून पांढरेफटक होणार नाही इतके एक्सपोजर (आत घेतलेला प्रकाश) कमी ठेवा. सावली नंतर उजळता येते, जळलेले आकाश परत येत नाही.

सिग्नलपाशी बहुतेकांची एक चूक होते. अनेक एलईडी सिग्नल डोळ्याला दिसत नाही अशा वेगाने लुकलुकतात, त्यामुळे १/४०० ला दिवा विझलेला किंवा अर्धाच पेटलेला येतो. रिकाम्या रस्त्यावर जळणारा लाल दिवा हाच तर फोटोचा जीव! वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे शटर १/१०० किंवा १/५०, ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२० किंवा १/६० ठेवा आणि तरीही चार-पाच फोटो सलग घ्या. रात्री दिव्याचा रंग उडून पांढरा ठिपका उरतो. तेव्हा एक्सपोजर एक ते दोन स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा).

पूर्ण रिकाम्या फ्रेमपेक्षा एक माणूस असलेली फ्रेम बहुधा अधिक रिकामी वाटते, कारण डोळ्याला माप मिळते. झाडूवाला, सामान पोहोचवणारा सायकलस्वार, नाहीतर रस्त्याच्या मधोमध पसरलेले कुत्रे. फ्रेम आधी बांधून ठेवा, फोकस कुलूपबंद करा आणि वाट पाहा. सायकल गोठवायला १/५०० पुरते. रस्त्याच्या मधोमध मात्र रेंगाळू नका: मोकळ्या रस्त्यावर येणारी एकुलती एक गाडी सहसा वेगात असते आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्याला ती उशिरा कळते. दुभाजकावर उभे राहा.

दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सपुढची प्रकाश अडवणारी गडद काच) लावला की १/६० चे एक्सपोजर साधारण १७ सेकंदांचे होते आणि चालती माणसे विरघळून जातात. १८३८ मध्ये फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यात रस्ता असाच ओस दिसतो. एक्सपोजर काही मिनिटांचे होते. बूट पॉलिश करून घेत थांबलेला माणूस तेवढा उमटला. रस्ता असा ओस दिसणे हा दागेरचा नाइलाज होता. साथीची नोंद म्हणून फोटो ठेवायचा असेल तर एनडी घरी ठेवा, आणि संगणकावर माणूस पुसणे तर नकोच.

खिडकीतून काढताना खोलीतले दिवे बंद करा, लेन्सचे तोंड काचेला रबरी हूडने भिडवा, हूड नसेल तर काळे कापड गुंडाळा. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून रोज एकाच वेळी एकच फ्रेम घ्या. पहिले चार दिवस कंटाळा येईल. तीन आठवड्यांनी तीच गाडी त्याच जागी, वर धुळीचा थर आणि खाली साचलेली पाने दिसू लागतात, तेव्हा मालिकेला अर्थ येतो.

मास्कमुळे व्ह्यूफाइंडरवर वाफ धरते. नाकावरची तार घट्ट दाबा, वरची कड चिकटपट्टीने बंद करा किंवा स्क्रीन पाहून काढा. सॅनिटायझर कॅमेऱ्यावर थेट फवारू नका. हातांना लावा, पूर्ण वाळू द्या, मगच कॅमेरा धरा. बॉडी पुसायचीच असेल तर बॅटरी काढून, कापड अल्कोहोलने जेमतेम ओले करून. लेन्सची काच, स्क्रीन आणि रबरी पकड यांना ते लागू देऊ नये, मुलामा आणि गोंद बिघडतो.

बाहेर पडण्यापूर्वी कॅमेऱ्यातले घड्याळ मोबाइलशी जुळवा. फोटोखाली जागा, वेळ, दिशा आणि त्या दिवशी लागू असलेला नियम लिहा. उभे राहिल्याची जागा, कॅमेऱ्याची उंची आणि फोकल लेंथही (लेन्सचा मिमीचा आकडा) टिपा. गर्दी परतल्यावर तीच फ्रेम पुन्हा घेता येईल. सावल्याही जुळवायच्या असतील तर पुढच्या वर्षीची तीच तारीख गाठावी. एवढे थांबायचे नसेल तर २१ जूनच्या अलीकडे जितके दिवस, तितकेच पलीकडे मोजा: २० एप्रिलच्या दुपारच्या सावल्या २२-२३ ऑगस्टला जवळपास तशाच पडतात, घड्याळात काही मिनिटांचा फरक धरून.