गारा थांबल्या की आधी पाणी काढा, औषध मग

नागपूरकडे हिवाळ्यातला पाऊस काही नवा नाही. उत्तरेतून जाणारा पश्चिमी झंझावात जरा खाली सरकला, त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारा आत आला आणि दोघांची गाठ विदर्भावर पडली, की ऐन थंडीत ढग गडगडतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अजून कोणी विसरलेलं नाही. आणि वेळही कशी? काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांत मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली) फळं झाडावर, आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर फुलणारी) झाडं ताणावर, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडलेली, तूर खळ्यावर, कापसाची शेवटची वेचणी बाकी, हरभरा घाट्यावर (शेंगांवर).

गारा थांबल्या की आपली पावलं आधी औषधाच्या दुकानाकडे वळतात. तिथं जायची पहिल्या दिवशी बहुधा गरजच नसते.

आधी घर. पाणी आत शिरलं असेल तर ओल्या अंगानं मेन स्विचला हात लावू नका. मोटारीच्या स्टार्टरची पेटी भिजली, तर फडक्यानं पुसून लगेच बटण दाबणारे लोक मी पाहिले आहेत. पेटी पूर्ण वाळू द्या आणि जाणकाराकडून तपासून घ्या. धुऱ्यावर (बांधावर) तार तुटून पडली असेल तर तिच्यात करंट आहेच असं धरून चाला, जनावरं लांब ठेवा आणि महावितरणला 1912 वर कळवा. फुटलेले कवेलू (कौलं) बदलायची घाई नको. ओल्या छपरावर पाय घसरतो, एक रात्र ताडपत्रीवर निघून जाते. विहिरीत वाहतं पाणी गेलं असेल तर ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून घ्या, तोवर पाणी उकळून प्या.

आवरायला लागण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. भिजलेलं धान्य, पडलेली भिंत, गोठा, बाग, सगळ्यांचे. तारीख आणि ठिकाण दिसेल असे काढले तर उत्तम.

मग वावर. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की संत्र्याच्या मुळांना हवा मिळत नाही. पानं पिवळी पडतात आणि पुढे डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) दिसू लागतो. म्हणून फावडं घेऊन दोन ओळींच्या मधून उताराकडे चर काढा, आळ्यातलं (बुंध्याभोवतीच्या खोलगट वाफ्यातलं) पाणी फोडून द्या. हे काम एकाही फवारणीनं भरून निघत नाही. खाली पडलेली फळं झाडाखाली कुजू देऊ नका, गोळा करून बागेबाहेर खड्ड्यात पुरा. मृगाची जी फळं तयार आहेत ती आधी उतरवा. गारेचा मार लागलेलं फळ वेगळं ठेवा, कारण एक डागी फळ अख्खी पेटी नासवतं. शिवाय नंतर फवारायच्या बोर्डोचे, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या बुरशीनाशकाचे, निळसर डाग तयार फळावर पडले की व्यापारी भाव पाडतो.

फळं उतरली की जखमांकडे वळा. गारेनं साल फाटते आणि तिथूनच बुरशी आत शिरते. मोडलेल्या फांद्या नीट कापून कापावर बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. बाकी झाडावर 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारा, म्हणजे तेवढाच मोरचूद आणि चुना 100 लिटर पाण्यात. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये कालवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं नको. घासलेलं लोखंडी पातं त्यात थोडा वेळ बुडवा. तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. जिथं डिंक दिसतो त्या झाडांना मेटॅलॅक्झिल-मँकोझेबचं मिश्र बुरशीनाशक 2.5 ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात आळवणीनं (बुंध्याशी ओतून) द्या. सगळ्या बागेला ओतत बसू नका.

आंबियाचा ताण तुटला का, हा खरा अवघड प्रश्न. हलक्या मुरमाड जमिनीत शिडकावा झाला असेल तर ताण आणखी काही दिवस पुढे नेता येतो. कळ्या फुटल्या असतील तर झाडाला उपाशी ठेवण्यात अर्थ नाही, खत-पाणी सुरू करा. भारी जमिनीसाठी अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेला विचारूनच पुढचं पाऊल टाका. शेजाऱ्यानं केलं म्हणून आपण करायचं, यात कितीतरी बहार वाया गेले आहेत.

हरभऱ्यात पाणी साचू देऊ नका आणि ओलीत थांबवा. ढगाळ हवेत घाटे अळी वाढते, म्हणून 5 टक्के निंबोळी अर्क फवारा आणि पक्ष्यांना बसायला काड्या लावून ठेवा. भिजलेला कापूस गाठोड्यात बांधला तर आतून तापतो. तो पसरून वाळवा आणि कोरड्या कापसात मिसळू नका, कारण खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. तूर वाळल्याशिवाय मळणी नको. बुरशी आलेलं कुटार (भुसा) जनावरांपुढे टाकू नका, मग ते कितीही वाया जात असलं तरी.

आता कागद. नुकसान 33 टक्क्यांच्या वर असेल तरच सरकारी मदतीसाठी पात्र ठरतं, म्हणून तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहाय्यक (आता सहायक कृषी अधिकारी) यांना लगेच कळवा. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद आहे ना, तेही पाहून घ्या. 2025 च्या खरिपापासून एक रुपयातला पीक विमा बंद झाला आहे आणि भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवर ठरते. संत्र्यासाठी हवामान आधारित फळपीक विमा वेगळा आहे. त्यात गारपिटीचं संरक्षण जादा हप्ता भरून घेतलं असेल, तर 72 तासांच्या आत कळवा.

पंचनामा होईपर्यंत बागेतली एक ओळ तशीच राहू द्या, बाकी साफ करा.