अभ्यासिकेत कोणी गोळी पुढे केली, तर निर्णय कसा घ्यावा

स्पर्धा परीक्षा तोंडावर आली असताना सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या अभ्यासिकेत शेजारी बसणारा मित्र ‘ही घे, झोप उडेल’ असे म्हणून गोळी पुढे करतो, तेव्हा हो-नाही म्हणण्यापूर्वी त्याला औषधाचे नाव विचारावे. बहुधा ते मेथिलफेनिडेट किंवा मोडाफिनिल असते. पहिले औषध लक्ष एकाग्र न होण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकारावर, तर दुसरे दिवसा अनावर झोप येण्याच्या विकारावर दिले जाते.

नाव कळल्यावर ही गोळी मुळात कोणाची आहे, हे विचारावे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तोच सहसा विचारला जात नाही. मेथिलफेनिडेट देताना दुकानदाराला डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत घ्यावी लागते आणि त्यांतली एक २ वर्षे जपून ठेवावी लागते. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ते चिठ्ठीविना जवळ बाळगणे किंवा दुसऱ्याला देणे हा गुन्हा आहे. म्हणजे ती गोळी तुमच्या हातात येते, तेव्हा एक तर कोणी दुकानदाराने नियम मोडलेला असतो, नाही तर एखाद्या रुग्णाने स्वतःचा डोस तुम्हाला दिलेला असतो. वर्गातला जो मित्र हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतो, तो लबाडी करत नाही. त्याच्याकडे गोळी मागणे मात्र त्याला पेचात टाकणे आहे.

‘मग चहा तरी का चालतो?’ असे विचारले जाते, आणि तो प्रश्न रास्त आहे. चहा सर्वांसमोर घेतला जातो, त्याचा परिणाम प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असतो आणि जत-आटपाडीहून येऊन मेसच्या डब्यावर राहणाऱ्या मुलालाही तो परवडतो. गोळी लपवून घेतली जाते, आणि चारजण तिच्या जोरावर पहाटेपर्यंत बसू लागले की ती नको असणाऱ्यालाही आपण मागे पडतो आहोत असे वाटू लागते. गोळीने जागरण साधते, पण वाचलेले स्मरणात पक्के होण्यासाठी लागणारी झोप त्यातच जाते.

नकार देताना मित्राला उपदेश करू नये. ‘मला ही डॉक्टरांनी लिहून दिलेली नाही, आणि तुझी तुला लागेल’ एवढे पुरेसे आहे.

आधीच घेत असाल, तर ते लपवू नये आणि मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नये. छातीत दुखू लागले, धडधड थांबेना किंवा भास होऊ लागले, तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. एरवी मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना भेटावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा घेतली, हे खरे सांगावे.